सायकल पार्सलने पाठवताना विमा काढावा का? आधी पावतीवरची किंमत बघा

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे, मधूनच वाचायला आलेल्यांसाठी परत लिहितो: जुलैअखेर मनाली ते लेह सायकलने जायचंय, राहायला पुण्यात, सायकल दोन वर्षांपूर्वी ८५ हजारांना घेतलेली, ती मनालीपर्यंत रेल्वेने न्यावी की कुरियर-ट्रान्सपोर्टने पाठवावी, आणि विमा काढावा की नको. शिवाय एक मित्र म्हणतो की रेल्वेत विमा आपोआपच असतो, वेगळे पैसे कशाला घालवायचे.

मी मालवाहतुकीच्या नुकसानीचा सर्व्हेअर म्हणून बरीच वर्षं काम करतोय, म्हणजे ट्रकमधून टाइल्स फुटून आल्या, मशीन आडवं पडलं, पेटीत पाणी शिरलं की कंपनी आम्हाला बघायला पाठवते, आणि रविवारी सकाळी सिंहगड नाहीतर कात्रज चढणाऱ्यांपैकीही एक आहे. त्यामुळे सायकलीचे क्लेम दोन्ही बाजूंनी बघितलेत, टेबलाच्या अलीकडून आणि एकदा स्वतः रडत पलीकडूनही. पण माझं सांगणं सगळ्यांना जसंच्या तसं लागू होईल असं नाही, कारण सायकल कुठली, वाहक कोण, पॉलिसीचा मजकूर काय, यावर पुष्कळ ठरतं.

विमा काढावा का हा खरं तर दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की सायकल ज्याच्या ताब्यात देताय त्याच्या कागदावर ती कितीची आहे? कारण काही झालंच तर भरपाई मागायला तो कागदच पुढे करायचा असतो, आणि माझ्याकडे आलेल्या दहातल्या सात-आठ जणांच्या कागदावर सायकल ८५ हजारांची नसतेच, ती असते २ हजारांची, ५ हजारांची किंवा नुसती 'एक नग सायकल जुनी'.

मित्राचं आधी मिटवून टाकू. तो बहुतेक ऑनलाइन तिकीट काढताना काही पैशांत टिक करून मिळतो त्या विम्याबद्दल बोलतोय. तो माणसाचा विमा आहे, अपघाती मृत्यू, अपंगत्व, हॉस्पिटलचा खर्च वगैरे, त्यात सामान येत नाही. मग रेल्वेची काहीच जबाबदारी नाही का, तर आहे, पण ती किलोवर मोजतात. १९८९ चा रेल्वे कायदा आणि त्याखालचे १९९० चे नियम असं सांगतात की बुकिंग करताना किंमत जाहीर केली नाही आणि त्यावरचा टक्केवारी आकार भरला नाही, तर लगेज म्हणून बुक केलेल्या सामानाला किलोमागे १०० रुपये आणि पार्सल म्हणून पाठवलेल्या मालाला किलोमागे ५० रुपये, याच्यावर रेल्वे देणं लागत नाही. आता तुमची सायकल १३ किलो, पुठ्ठा-बिठ्ठा धरून १७ किलो समजा. लगेज असेल तर जास्तीत जास्त १,७०० रुपये आणि पार्सल असेल तर ८५०. ८५ हजारांच्या सायकलीचे ८५० रुपये, आकडे जुळतात तेवढेच.

लगेज आणि पार्सल यातला फरक पुष्कळांना माहीत नसतो. तुम्ही स्वतः त्याच गाडीने चाललात, तिकीट दाखवलंत आणि सायकल ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) टाकली तर ते लगेज. तुम्ही जा नाहीतर नका जाऊ, माल एकटा जातोय, तर ते पार्सल. माझं मत विचाराल तर रेल्वेने न्यायची असेल तर लगेज म्हणूनच न्या, कारण सायकल तुमच्याच गाडीला असते, मोठ्या स्टेशनवर उतरून ब्रेकव्हॅनपाशी चक्कर मारता येते आणि उतरवताना समोर उभं राहता येतं. पुण्याहून निघणारी झेलम एक्स्प्रेस अंबाल्याला थांबते, तिथून पुढे बस, हा आपल्याकडच्या सायकलवाल्यांचा नेहमीचा रस्ता. पार्सल ऑफिसात गाडीच्या बऱ्याच आधी पोचा, आणि खिडकीवरच्या माणसाला सांगा की किंमत जाहीर करायची आहे, टक्केवारी आकार भरतो. तो तुमच्याकडे जरा बघेल, कारण हे सहसा कोणी मागत नाही, पण नियमात आहे.

आता ट्रान्सपोर्ट-कुरियर. इथे जास्त वेळ घेतो कारण घोळ इथेच होतो. २००७ चा रस्ता वाहतुकीचा कायदा आणि २०११ चे नियम यांच्याप्रमाणे, जास्त किंमत जाहीर करून जास्तीचा जोखीम दर भरलेला नसेल तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंत, आणि तीसुद्धा तुम्ही कागदावर जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. हे दुसरं वाक्य परत वाचा. समजा भाडं झालं १,८००, दहा पट म्हणजे १८ हजार, बरं वाटतं. पण बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, किंमत लिहिलीय ५ हजार, मग मिळणार जास्तीत जास्त ५ हजार.

आणि बिल्टीवर ५ हजार का लिहिलं जातं? कारण काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "सर, पन्नासच्या आत टाकू ना, नायतर ई-वे बिल लागंल, गाडी अडकंल." तुम्हाला घाई असते, तुम्ही म्हणता टाक बाबा. आता ५० हजारांवरच्या मालाला दुसऱ्या राज्यात जाताना ई-वे बिल (जीएसटीचा माल नेण्याचा ऑनलाइन परवाना) लागतं हे त्याचं बरोबर आहे, पण वापरलेलं वैयक्तिक आणि घरगुती सामान त्यातून वगळलेलं आहे. तुमची दोन वर्षं चालवलेली सायकल वैयक्तिक सामानच आहे. एका कागदावर लिहून द्या की ही माझ्या स्वतःच्या वापरातली सायकल आहे, विक्रीसाठी नाही, किंमत इतकी, सोबत जुन्या बिलाची झेरॉक्स आणि आधारची झेरॉक्स. तरीही तो अडून बसला तर दुसरा ट्रान्सपोर्टवाला बघा, पण किंमत पाडू नका.

त्याच पावतीवर अजून दोन गोष्टी बघा. एक म्हणजे 'ओनर्स रिस्क' असा शिक्का किंवा टिक आहे का, म्हणजे जोखीम तुमची. त्याऐवजी 'कॅरियर्स रिस्क' मागता येतं, त्याला जाहीर किमतीवर काही टक्के जास्त लागतात. दुसरं म्हणजे एफओव्ही नावाची एक रक्कम बिलात असते, ती बघून लोकांना वाटतं की चला, विम्याचे पैसे भरले. तो विमा नाही. तो वाहकाने किमतीवर लावलेला आकार आहे, त्यातून तुम्हाला नक्की काय मिळतं ते त्याच्या मागच्या बाजूच्या बारीक अक्षरात असतं. काउंटरवाला तोंडाने 'इन्शुरन्स आहे सर' म्हणाला तर शांतपणे विचारा, पॉलिसी नंबर काय, आणि माझ्या नावाचं सर्टिफिकेट मिळेल का. काही वाहकांकडे खरोखर ओपन पॉलिसी (ते पाठवतात त्या सगळ्या मालाला लागू होणारी एकच पॉलिसी) असते आणि ते सर्टिफिकेट देतात. मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर विमा नाही असं धरून चाला.

आता खरा विमा. आपल्याकडे देशातल्या देशात माल नेण्याचा विमा मरीन खात्यातच येतो, समुद्राचा काही संबंध नसला तरी, त्यामुळे शाखेत जाऊन 'सायकलचा विमा' म्हणालात तर कोणी धड सांगणार नाही, 'इनलँड ट्रान्झिट, सिंगल ट्रिप' असं म्हणा. त्याचे तीन प्रकार असतात, आयटीसी (इनलँड ट्रान्झिट क्लॉज) ए, बी आणि सी. सी म्हणजे फक्त आग आणि वीज पडणं. बी म्हणजे त्यात गाडी आदळणं, उलटणं, रुळावरून घसरणं, पूल कोसळणं वगैरे. ए म्हणजे जे वगळलंय ते सोडून बाकी सगळं. आता विचार करा, सायकलीचं नुकसान कशाने होतं? पूल कोसळून नाही होत. हमालाच्या हातून पडते, वर कोणीतरी फ्रीज ठेवतं, बदलीच्या गोदामातून गायब होते. यातलं काहीही बी मध्ये बसत नाही. म्हणून ए मिळत असेल तरच काढा. अडचण अशी की वापरलेल्या वस्तूला ए द्यायला कंपन्या का-कू करतात, बी देतो म्हणतात. मग फोटो, बिल, सर्व्हिसिंगची पावती दाखवून शाखेतल्या अधिकाऱ्याशी बोलावं लागतं, आणि इथे चांगला एजंट असेल तर खरंच फरक पडतो. हप्ता तुमच्या किमतीला काही शेकड्यांत बसतो, बहुतेक वेळा कंपनीचा किमान हप्ताच लागतो, पैशाचा प्रश्न नसतो, एवढ्याशा कामासाठी कोण बसेल हा असतो.

पॉलिसी मिळालीच तर तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा. प्रवास कुठून कुठे: तुम्ही रेल्वेने अंबाल्यापर्यंत आणि पुढे बसच्या टपावरून मनालीला नेणार असाल तर 'पुणे ते मनाली, रेल्वे आणि रस्ता' असंच लिहिलेलं पाहिजे, नाहीतर टपावरून पडली की तुम्ही मोकळे आणि कंपनीही मोकळी. किंमत: ८५ ची सायकल ४० ला काढली तर नुकसानही त्याच प्रमाणात देतात, २० हजारांचं नुकसान झालं तर साधारण निम्मंच हातात येईल. उलट जुन्या सायकलीला नव्याची पूर्ण किंमत लावली तरी क्लेमच्या वेळी बाजारभावाचा वाद निघू शकतो, तेव्हा आजची वाजवी किंमत आधीच कबूल करून घ्या. आणि मुदत: माल मुक्कामी पोचल्यावर साधारण ७ दिवसांत संरक्षण संपतं, किंवा डिलिव्हरी झाली की त्याच क्षणी. म्हणजे तुम्ही हौसेने पंधरा दिवस आधी पाठवलीत आणि ती गोदामात पडून राहिली, तर शेवटचे दिवस विनाविम्याचे.

घराचा विमा असेल तर तो एकदा काढून बघा. जुन्या पद्धतीच्या गृहविमा पॅकेजमध्ये पेडल सायकलचा वेगळा विभाग असायचा, अजूनही काहींमध्ये आहे, चोरी-अपघात दोन्ही धरून. त्यात सायकल सोडून नुसता लाइट किंवा कॉम्प्युटर चोरीला गेला तर सहसा मिळत नाही, आणि वाहकाच्या ताब्यात असताना चालतं का हे ईमेलवर विचारून घ्या, फोनवर नको. यातला खरा फायदा पुढे आहे, प्रवासभर केलाँग, सरचू, पांगला सायकल तंबूबाहेर उभी असणार तेव्हा ट्रान्झिट पॉलिसी कामाची नसते, ही असते.

पॅकिंगचं मी आधी सांगायला हवं होतं खरं, कारण 'अपुरं पॅकिंग' हे ए मध्येसुद्धा वगळलेलं असतं आणि सायकलीचे क्लेम सगळ्यात जास्त इथेच मरतात. एक पेटी आठवते, वाकडच्या एका गोदामात उघडली होती. बाहेरून पेटीला ओरखडा नाही, टेप शाबूत. आत फ्रेमच्या मागच्या नळीला, चेनस्टेला, नखाएवढा खोल खड्डा, आणि खाली तळाला एक पेडल सुटं लोळत होतं. त्या पेडलचं टोक खड्ड्यात बरोब्बर बसलं, किल्ली कुलपात बसावी तसं. मालकाने पेडल काढून पेटीत तसंच टाकलं होतं आणि ते बाराशे किलोमीटर आतल्या आत हातोडीसारखं चालत होतं. रिपोर्टमध्ये मी काय लिहिणार? वाहकाने काही केलंच नव्हतं.

तेव्हा पेडल काढा (डावं उलट्या आट्यांचं असतं, जोर लावून आटे मारू नका) आणि कापडात गुंडाळून पिशवीत घालून पेटीला बांधा. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो फ्रेमला ज्या पट्टीने जोडलेला असतो तिच्यावरून, सोडवून आत वळवून बांधा, हँगर वाकणं हे वाहतुकीतलं सगळ्यात कॉमन नुकसान, आणि एक जादा हँगर घेऊनच जा, मनालीला तुमच्या मॉडेलचा मिळणार नाही. चाक काढणार असाल तर फोर्कच्या (चाक धरणाऱ्या पुढच्या दोन दांड्यांच्या) मध्ये लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा, नाहीतर वरून वजन आलं की फोर्क दाबली जाते. डिस्कब्रेक असेल तर पॅडमध्येही तुकडा घाला, चाक नसताना कोणी लिव्हर दाबला की पॅड चिकटून बसतात. नळ्यांना एसीच्या पाइपवर लावतात तो फोम. पुठ्ठ्याचा बॉक्स सायकलच्या दुकानात मागितला तर मिळून जातो, आठवडाभर आधी सांगून ठेवायचं. आणि हे सगळं करताना फोटो: पॅक करण्याआधी चारी बाजू, बीबीखालचा (पेडलच्या आसाखालचा) फ्रेम नंबर वाचता येईल असा, अर्धी पॅक झालेली, आणि शेवटी बंद पेटी बिल्टी नंबर लिहून. क्लेममध्ये पहिल्यांदा हेच मागतो आम्ही.

आता माझी स्वतःची गोष्ट. कन्याकुमारीची राईड झाल्यावर सायकल एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे परत पाठवली, किंमत बरोबर लिहिलेली, पॉलिसी होती, पॅकिंग मीच केलेलं. पेटी घरी आली तेव्हा मी साइटवर, घरी आई. टेम्पोवाल्याने खालून हाक मारली, काकू सही करा, आईने सही केली, छापील ओळ अशी की माल सुस्थितीत मिळाला. संध्याकाळी बघतो तर पेटीचा एक कोपरा चेपलेला आणि मागच्या चाकाची रिम वाकलेली. इतरांना इतकी वर्षं सांगत आलेला माणूस मी, आणि माझ्याच घरात शेरा न मारता डिलिव्हरी घेतली गेली. कंपनीने पैसे दिले पण कापून, कारण वाहकाकडून वसूल करायचा त्यांचा हक्क त्या सहीने अर्धा मेला होता. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

तुमच्या बाबतीत आईच्या जागी मनालीच्या हॉटेलातला रिसेप्शनवरचा मुलगा असणार. म्हणून हॉटेलच्या पत्त्यावर घरपोच पाठवूच नका, गोदामातून स्वतः उचला. पेटी चेपलेली, ओली, टेप दुसऱ्याने मारल्यासारखी दिसली तर सही करायच्या आधी पावतीवर हाताने शेरा लिहा, 'पेटी डाव्या बाजूने फाटलेली, आतील माल तपासलेला नाही', तारीख-वेळ टाका, फोटो काढा. रेल्वेत अशा वेळी ओपन डिलिव्हरी मागायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, म्हणजे त्यांच्यासमोर उघडून नुकसान नोंदवून घ्यायचं. नंतर विमा कंपनीला त्याच दिवशी मेल, आणि वाहकाला लेखी दावा वेगळा, विमा असला तरी. त्याची मुदत रेल्वेला माल सोपवल्यापासून ६ महिने, रस्त्याच्या वाहकाला बुकिंगपासून १८० दिवस. कंपनीने विनाकारण अडवलं तर पुण्यात विमा लोकपालाचं ऑफिस आहे, तिथे वकील लागत नाही आणि फी नाही.

परतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लेहवरून विमानाने येणार असाल तर तिथलं गणित वेगळं. लेह विमानतळ सव्वातीन हजार मीटरच्या वर, हवा विरळ, त्यामुळे विमानांना वजन कमी घ्यावं लागतं, आणि सायकलीची पेटी मागे राहून नंतरच्या फ्लाइटने येणं यात नवल काही नाही. उशिराचं नुकसान ट्रान्झिट विम्यात मिळत नाही. काउंटरवर पेटीला 'लिमिटेड रिलीज' टॅग लावून तुमची सही घेतात, म्हणजे नाजूक सामान, मोडलं तर आमच्याकडे येऊ नका, तेव्हा वाचून सही करा. परदेशातून येणाऱ्यांसाठी सांगतो, आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल कराराखाली सामानाच्या भरपाईची मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) झालीय, रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास, आणि नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत. पण दिल्ली-लेहसारख्या देशातल्या फ्लाइटला ती मर्यादा नाही, तिथली बरीच खाली असते, तिकिटाच्या शर्तींत बघून घ्या. ट्रॅव्हल इन्शुरन्सवरही फार भिस्त ठेवू नका, त्यातल्या 'बॅगेज लॉस'मध्ये सहसा सामान पूर्ण हरवलं तरच पैसे, मोडलं तर नाही, आणि एका वस्तूला वेगळी मर्यादा.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? झेलमने लगेज म्हणून नेली असती, किंमत जाहीर करून, आणि आयटीसी ए मिळाली तर वर ती. ए नाही मिळाली तर बी साठी धावपळ केली नसती, तो वेळ पॅकिंगला दिला असता. सायकल २०-२५ हजारांची असती तर विम्याच्या भानगडीतच पडलो नसतो, दोन लाखांची कार्बन फ्रेमची असती तर उलट ए शिवाय हललो नसतो, कारण कार्बनची चीर बाहेरून दिसत नाही आणि बारालाचा खिंड उतरताना कळून उपयोग नाही.

आणि एक, मनालीत जोडणी झाल्यावर पेटी हॉटेलवाल्याकडे जपून ठेवायला देऊ नका, दरवर्षी कोणीतरी देतं. परतताना तुम्ही लेहमध्ये असता आणि पेटी रोहतांगच्या अलीकडे. फोम, ठोकळा आणि टेप मात्र पॅनियरच्या (सायकलच्या कॅरियरला लावायच्या पिशवीच्या) तळाला टाका, दोनशे ग्रॅमही होत नाही, आणि लेहच्या बाजारात फ्रीज-टीव्हीच्या दुकानाबाहेर मोठे पुठ्ठे मिळतात, सकाळी लवकर गेलात तर.